टाकी, लॅपटॉप आणि एकाहत्तर टक्के

"दुपारच्या जेवणापर्यंत लॅपटॉप सुरू करून देते. फार तर चहापर्यंत!"

शुक्रवारी सकाळी लेकीनं आईला हे ठणकावून सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. का असावा? ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होती आणि तिथले अकरा जुनाट संगणक तिच्या धाकात होते. एखादा अडून बसला की शिपाई तिला बोलवायला येई. ती नुसती समोर जाऊन उभी राहिली तरी निम्मे संगणक आपसूक सुरळीत चालू लागतात, अशी तिची ख्याती होती. ती ख्याती पसरवण्याचं कामही बरंचसं तिनंच केलं होतं.

"चहापर्यंत ना?" आई म्हणाली. "मग आधी शेजारून दोन बादल्या आणून टाक. चहाला पाणी नाही."

तर मूळ दुखणं पाण्याचं होतं. लॅपटॉप हे त्यावरचं औषध, आणि आता औषधच आजारी पडलं होतं.

बाबा जाऊन सव्वीस दिवस झाले होते. जलकेंद्रावर चौतीस वर्षं पंप चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी घराचंच जलकेंद्र करून टाकलं. मागच्या अंगणात पंप, पंपाभोवती पाच कॉक, एकमेकींच्या गळ्यात गळे घातलेल्या सात नळ्या, आणि गच्चीवर टाकी. पाणी वर चढवायचं तर ते पाच कॉक ठरावीक क्रमानं, ठरावीक तेवढेच फिरवावे लागत. चुकलं की पाणी टाकीऐवजी कुंड्यांत जाई, नाहीतर पंप भाषणाआधी घसा साफ करणाऱ्या पाहुण्यासारखा नुसताच खाकरत बसे. घरातली बाकीची व्यवस्थाही त्यांच्याच डोक्यातून निघालेली. न्हाणीघराचं दार आधी उचलायचं, मग लावायचं. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे, कारण त्याशिवाय कुणी वेळेवर निघत नाही. प्रत्येक खोलीच्या दाराशी एकच मोठं बटण. शिरताना दाबलं की खोली जागी, निघताना दाबलं की खोली झोपली. पाहुणे गोंधळून जात. घरच्यांना तीस वर्षांत त्यात काही वेगळं आहे हेच आठवेनासं झालं होतं.

प्लंबरला बोलावून झालं होतं. त्यानं त्या नळ्यांकडे मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती करून पाहिलं.

"हे कुणी बसवलंय?"

"आमच्या ह्यांनी," आई म्हणाली.

"मग त्यांनाच बोलवा की!"

नंतर आईचा चेहरा पाहून त्याला काय ते कळलं. पान्हे गोळा करून तो हळूच निघून गेला.

आपल्यामागे ही विद्या कुणाला कळणार, याची काळजी बाबांनाही होती. म्हणून गेली दोन वर्षं रोज अकरा ते बारा ते लॅपटॉपसमोर बसून एका बोटानं एक फाईल लिहीत होते. नाव होतं ‘गृहव्यवस्था : सूचना व क्रम’. आईनं विचारलं की म्हणत, "पूर्ण झाल्यावर दाखवतो." ती फाईल लॅपटॉपमध्ये होती. आणि लॅपटॉप मामानं मारला होता.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. बाबा गेल्यावर दोन आठवडे तो बहिणीच्या सोबतीला राहिला. रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा "फार भरलाय, जरा हलका करतो" म्हणून त्यानं लॅपटॉपची साफसफाई काढली. भाचीनं फोनवर विचारलं, "मामा, तू नक्की काय काय उडवलंस?"

"आपल्यातलं काही नाही गं," मामा शांतपणे म्हणाला. "सगळी परकी नावं होती. ह्या नावाचं आपल्या नात्यात कुणी नाही म्हटल्यावर काढून टाकली."

त्या परक्या नावांतच अख्खी ऑपरेटिंग सिस्टम होती! ज्याच्या जोरावर लॅपटॉप डोळे उघडतो, बोलतो, फाईल दाखवतो, ते सगळं मामानं नातं लागत नाही म्हणून घराबाहेर काढलं होतं. बाबांची फाईल दुसऱ्या कप्प्यात सुखरूप होती, पण कप्पा उघडून देणारं आत कुणी उरलं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टम नव्यानं टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मामाच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट चांगलंच इतकं होतं की त्याखाली माणूस दबून जावा. "पाणी नसलेल्या घरात ती एकटी कशी राहील? रविवारी बाराला गाडी घेऊन येतो. माझ्याकडे खोली रिकामी केलीय. नवी गादी आणलीय!" आईनं मात्र माळ्यावरची बॅग खाली काढली नव्हती. सोमवारी लेकीला कामावर हजर व्हायचं होतं. तेव्हा गोष्ट सरळ होती. रविवारी बाराच्या आत लॅपटॉप सुरू झाला, फाईल उघडली, पाणी वर चढलं, तर आई स्वतःच्या घरात. नाहीतर मामाच्या गादीवर.

लेकीनं बादल्या शेजारच्या काकूंच्या नळाखाली लावल्या, आईला तिथं उभं केलं, आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसली. टेबल, खुर्ची, चश्म्याची रिकामी डबी. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून बाबांनी ती वर्षापूर्वीच काढून टाकली होती. तेव्हापासून तो चार्जरच्या वायरीवर जगत होता. तिनं ग्रंथालयातून तयार करून आणलेला पेन ड्राइव्ह लावला. निळा पडदा आला. ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’. टक्के चढू लागले. पाच. चौदा. तीस. ती हाताची घडी घालून मागं रेलून बसली. ह्यात काय आहे एवढं!

"अगं ए, भरल्या गं बादल्या!" काकूंच्या अंगणातून आईची हाक आली.

लेक उठली, बादल्या आणल्या, पिंपात ओतल्या, परत आली, पंखा लावला, खुर्चीत बसली, आणि बघते तर पडदा काळाठिक्कर! बटण दाबून उठवलं तर लॅपटॉपनं सांगितलं की ऑपरेटिंग सिस्टम सापडत नाही. जसं काही त्याला ती शोधायला पाठवलं होतं.

"होतं असं," ती स्वतःशी म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाच. चौदा. तीस. पन्नास. ह्या खेपेला आकडा नीट लक्षात ठेवला. एकाहत्तरवर असताना आईची हाक आली. बादल्या आणल्या. पंखा लावला. खुर्चीत बसली. काळाठिक्कर!

तिनं गावातल्या एकुलत्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो भावाकडे गेला होता, सोमवारी दुकान उघडणार होता. सोमवारी आणून द्या, डिस्क काढून फाईल देतो, म्हणाला.

"सोमवार चालणार नाही. मला रविवारी बाराच्या आत हवंय. तुम्ही नुसतं सांगा, बाकी मी करते. मला येतं!"

"बरं. किती टक्क्यांना जातो?"

"एकाहत्तर."

"लाइट गेली होती का?"

"छे! पंखा गरगरतोय माझ्या डोक्यावर."

"मग पेन ड्राइव्ह," तो म्हणाला, ज्या खात्रीनं डॉक्टर पावसाळ्यात ‘व्हायरल’ म्हणतात.

काकूंच्या मुलीकडून दुसरा पेन ड्राइव्ह आणला. त्यावर सगळं नव्यानं भरलं. यात जेवण झालं आणि चहाही होऊन गेला. आईनं लेकीच्या हातात कप देताना तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. संध्याकाळी पुन्हा सुरुवात. पन्नास. साठ. एकाहत्तर. "अगं ए, भरल्या गं!" बादल्या. पंखा. खुर्ची. काळाठिक्कर!

"पुन्हा एकाहत्तर? नक्की?" दुरुस्तीवाला फोनवर गंभीर झाला. "दर वेळी त्याच जागी अडतो म्हणजे पेन ड्राइव्ह नाही. रॅम."

"अहो, तुम्हीच म्हणालात..."

"रॅम, मॅडम. मागचं झाकण उघडायचं, पट्टी काढायची, खोडरबरनं पुसायची, परत बसवायची. काही नसतं त्यात."

शनिवारची सकाळ झाकण उघडण्यात गेली. तेरा स्क्रू निघाले. पट्टी पुसून झाकण लावलं तर बाराच बसले! तेराव्याला जागाच नव्हती. लेकीनं लॅपटॉप उलटा करून, सुलटा करून, हलवून पाहिला.

"एक स्क्रू उरलाय," तिनं कळवलं.

"एखादा उरतोच," दुरुस्तीवाला म्हणाला. "आमचा दुकानात डबा भरलाय."

लॅपटॉपवर त्या स्क्रूच्या असण्या-नसण्याचा काही परिणाम झाला नाही. तो शांतपणे एकाहत्तरपर्यंत चढला. "अगं ए, भरल्या गं!" आणि गेला.

लेकीची मती आता वेगळ्याच दिशेनं धावू लागली. वाचणाऱ्या माणसाचं हेच वाईट असतं. त्याला कुठल्याही दोन गोष्टींत संबंध दिसतो. एकाहत्तरला काय होतं? एकाहत्तरला आई हाक मारते. आई हाक मारते आणि लॅपटॉप मरतो. चारही वेळा! ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, तू हाक मारू नकोस."

"का?"

"तुझ्या हाकेनं लॅपटॉप बंद पडतो."

आईनं विळी खाली ठेवली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आवाजाच्या लहरी असतात आई, त्या डिस्कवर..." बोलता बोलता तिला आपल्याच बोलण्याची लाज वाटली, पण माघार घ्यायची तिची तयारी नव्हती. "तू वाटीवर चमचा वाजव. मी येईन."

तेव्हा पाचव्या खेपेला काकूंच्या अंगणातून टिंग टिंग टिंग असा आवाज आला. काकू खिडकीतून डोकावून विचारत्या झाल्या, "काय हो, मांजर हरवलंय का?" लेक जाऊन बादल्या घेऊन आली. पंखा लावला. काळाठिक्कर!

तेवढ्यात मामाचा फोन. "गादी उन्हात टाकलीय. उशी तुझ्या आईला उंच लागते की बुटकी?"

"मामा, अजून काही ठरलेलं नाही!"

"नाही कसं? लॅपटॉप चालू झाला का?"

"होतोय. एकाहत्तर टक्के झालाय."

"म्हणजे एकोणतीस राहिलेत," मामा म्हणाला. "मी दोन्ही उशा आणून ठेवतो."

त्या दिवशी दुपारी लेकीनं आईवर आवाज चढवला. नको तेव्हा चढतो तसाच. "तू धूळ पुसायला जातेस का त्या खोलीत? मी बादल्या ओतत असते तेव्हा? वायर हलते आई! खरं सांग, तू हात लावतेस की नाही?"

"मी त्या खोलीत जातच नाही," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"सव्वीस दिवस झाले. सत्तावीस. मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवलेला नाही."

आईनं चिरलेली भाजी उगाचच पुन्हा बारीक चिरायला घेतली. मग लेक बाबांच्या खोलीत येऊन, पंखा लावून, नुसतीच बसून राहिली. काळ्या पडद्यात तिचाच चेहरा दिसत होता आणि कपाळावर आठी बाबांची होती. अकरा संगणकांना धाकात ठेवणारी आपण, आणि एक फाईल उघडता येत नाही! बाबांनी दोन वर्षं एका बोटानं लिहिलेलं चार बोटं अंतरावर होतं. ते वेळेत हाती लागणार नाही, आई मामाच्या उंच किंवा बुटक्या उशीवर डोकं ठेवणार, आणि ह्या घराला कुलूप लागणार. आपण सोमवारी ग्रंथालयात जाऊन लोकांना पुस्तकं शोधून देणार. तिनं उरलेला तेरावा स्क्रू चश्म्याच्या डबीत टाकला. निदान तो तरी हरवायला नको.

रविवारी मामा बाराला येणार होता. तो सव्वानऊलाच आला!

"रस्ता मोकळा मिळाला," असं म्हणत त्यानं गाडी फाटकाशी लावली आणि हॉलमधल्या खुर्चीत बैठक मारली. "चालू दे तुझं. मी काही बोलणार नाही." पुढच्या दहा मिनिटांत तो सहा वेळा बोलला. एकदा विचारलं की लॅपटॉपला थोडा वेळ उन्हात ठेवून पाहिलं का.

सहावी खेप. वीस. चाळीस. पंचावन्न. आज बादल्यांपाशी काकू स्वतः उभ्या होत्या, कारण आई मामासाठी चहा टाकत होती. पासष्ट. सत्तर.

आणि आई कप घेऊन दारात आली. बाबांच्या खोलीच्या दारात, सत्तावीस, नव्हे अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा. आत आली नाही. उंबऱ्यापाशी थबकून कप पुढे केला.

"घे. कालपासून धड काही घेतलं नाहीस."

"बादल्या भरल्या हो!" काकूंनी भिंतीपलीकडून पुकारा केला.

"आले, आले!" लेक झटकन उठली, आईच्या बाजूनं अंग चोरून दाराबाहेर पडली, आणि टक्!

पंखा मंदावला. आई कप हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली.

"हे काय केलंस?"

"कुठं काय?"

"बटण."

"कुठलं बटण?"

आईनं नुसती मान हलवून दाखवलं. लेकीचा उजवा हात अजून दाराशेजारच्या त्या मोठ्या बटणावरच होता, चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा! मागं टेबलावर पडदा काळाठिक्कर होता.

"हे... हे मी केलं?"

"तूच. माझ्यादेखत."

"प्रत्येक वेळी?"

"ते मला काय माहीत? पण निघताना बंद करायचंच असतं ना? तसंच तर शिकवलंय तुला." आईनं कप दुसऱ्या हातात घेतला. "शाळेच्या कोपऱ्यावरून परत बोलावलं होतं एकदा. पावसात. आठवतं?"

आठवत होतं. मान खाली घालून, दप्तरासकट परत येऊन, टाचा उंच करून तिनं ते बटण बंद केलं होतं. त्यानंतर पुन्हा कधी सांगावं लागलं नव्हतं. बाबांनी बटण डोक्याला शिकवलंच नव्हतं, हाताला शिकवलं होतं. तीन दिवस ती पेन ड्राइव्ह, रॅम, डिस्क, आवाजाच्या लहरी आणि स्वतःची आई, सगळ्यांवर संशय घेत फिरत होती. आणि खोलीबाहेर पडताना दर वेळी हा हात मुकाट्यानं बाबांचा हुकूम बजावत होता. पंखा काय नि लॅपटॉपचा प्लग काय, सगळं त्या एकाच बटणावर. शिरताना तोच हात ते चालू करत होता, म्हणून पंखा गरगरत होता! एकाहत्तर टक्के म्हणजे काय? काकूंच्या करंगळीएवढ्या नळाखाली दोन बादल्या भरायला लागणारा वेळ! पाणी नव्हतं म्हणून बादल्या. बादल्या होत्या म्हणून खोलीबाहेर. खोलीबाहेर म्हणून लॅपटॉप बंद. लॅपटॉप बंद म्हणून फाईल नाही, आणि फाईल नाही म्हणून पाणी नाही!

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. पोट धरून हसली. ते हसू कुठल्या वळणावर दुसरंच काहीतरी झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. आई तिला ओलांडून आत गेली. कप टेबलावर ठेवला, आणि रिकाम्या हातानं खुर्चीच्या पाठीवरची धूळ पुसली.

"काय झालं? पुन्हा गेला का?" मामा धावत आला.

"मामा, खुर्ची आण. ह्या बटणासमोर बैस. कुणाचाही हात आला तरी बटणाला लागू द्यायचा नाही!"

"तुझासुद्धा?"

"माझाच!"

सातवी खेप. मामा बटणाला पाठ लावून, गुडघ्यांवर हात ठेवून पहाऱ्याला बसला. बादल्या काकूंकडेच वाहू लागल्या. लेक दोनदा उठली. एकदा पाणी प्यायला, एकदा कशाला तेच आठवत नाही. दोन्ही वेळा मामानं तिच्या हातावर फटका मारला. "भाचीबाई, हात!" सत्तर. एकाहत्तर. कुणी श्वास घेईना. आकडा तिथंच रेंगाळला, जसा काही त्यालाही सवय लागली होती.

बहात्तर!

"बहात्तर!" मामा ओरडला. आपण नेमकं कशाच्या विरुद्ध आहोत, हे तो क्षणभर विसरला होता.

साडेअकराला लॅपटॉप सुरू झाला. दुसरा कप्पा उघडला. ‘गृहव्यवस्था : सूचना व क्रम’. त्रेसष्ट पानं! लेकीचे डोळे पुन्हा भरून आले म्हणून चश्मा लावून मामानंच वाचायला घेतलं. न्हाणीघराच्या दारावर दीड पान होतं. घड्याळावर तीन. एकेचाळिसाव्या पानावर सापडलं : ‘पाणी वर चढवणे’.

"‘एक. मी गच्चीवर जातो,’" मामा मोठ्यानं वाचू लागला. "‘दोन. टाकीचे झाकण काढून आत पाहतो. तीन. हं म्हणतो. चार. खाली योग्य ते कॉक योग्य त्या क्रमाने फिरवले जातात. पाच. पाणी येऊ लागले की पुन्हा हं म्हणतो. खाली धार नीट केली जाते. सहा. टाकी भरत आली की तिसरे हं. खाली पंप बंद होतो.’"

"कॉक कुठले? क्रम काय?" लेक ओरडली. "खाली बघ, मामा! पुढचं पान!"

"खाली टीप आहे. ‘कॉकचा क्रम मला नक्की सांगता यावयाचा नाही. तो हिच्या हातात आहे. हिला विचारणे.’"

दोघांनी माना वळवून आईकडे पाहिलं.

"मला क्रमबिम काही येत नाही हं," आई घाईघाईनं म्हणाली. "ते वरून ‘हं’ म्हणायचे आणि मी फिरवायचे."

"पण काय फिरवायचीस? आधी कुठला?"

"ते इथं खोलीत उभं राहून कसं सांगू? मध्ये दोनदा जाऊन उभी राहिले पंपापाशी. हातच हलेनात."

"अगं, पण हे तरी सांगायचंस ना! तीन दिवस मी इथं..."

"मला विचारलं कुणी?" आई म्हणाली. "प्लंबर पंपाला विचारत होता. तू लॅपटॉपला."

लेक धडधड जिने चढून गच्चीवर गेली. टाकीचं झाकण काढलं. तळाशी ओंजळभर गढूळ पाणी होतं. कठड्यावरून वाकून पाहिलं तर आई पंपापाशी उभी होती, पदर खोचून, दोन्ही हात मोकळे सोडून. मामा अंगणाच्या मधोमध, वर बघत. बाराला दहा मिनिटं होती, घरच्या घड्याळानं तीनच.

"हं!" लेक म्हणाली.

खाली काही झालं नाही.

"हं!"

"अगं, तसं नाही!" आई खालून ओरडली. "असं परवानगी मागितल्यासारखं काय? जरा वैतागून म्हण!"

वैतागाची तर काही वानवा नव्हती. तीन दिवसांचा ताजा साठा होता आणि त्याखाली सव्वीस दिवसांचा जुना. लेकीनं कठडा घट्ट धरला.

"हंऽऽ!!"

आणि आईचे हात हलले! डावीकडचा कॉक अर्धा, मधला पूर्ण, खालच्याला उलट्या हातानं एक हिसका, मग उरलेले दोन. कुठंही न थांबता, न बघता, पोळी उलटावी तसे. पंप खाकरला, पुन्हा खाकरला आणि एकसुरात गुणगुणू लागला. गच्चीवरची नळी थरथरली. आधी हवा आली, मग गंजाचं तांबूस पाणी, मग लख्ख धार!

"हंऽ!" दुसरं आपोआपच आलं. खाली धार नीट केली गेली.

टाकी भरू लागली. पाव. अर्धी. लेकीनं पुन्हा वाकून पाहिलं. आई पंपाच्या बटणावर बोट ठेवून, डोळे मिटून, चेहरा वर करून उभी होती. ती तिसऱ्याची वाट बघत होती. टाकी गळ्याशी आली. लेकीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोन ‘हं’ म्हणता आली होती. हे तिसरं म्हटलं की संपलं. पाणी काठाला लागलं. काठावरून गच्चीत उतरलं. गच्चीतून पन्हळीत धावलं. आणि पन्हळीच्या बरोबर खाली तोंड वर करून मामा विचारत होता, "काय गं, आलं का पाणी?"

पाणी आलं. सगळं मामावर आलं!

"बंद कर! अगं, बंद कर पंप!" मामा जागच्या जागी नाचू लागला.

"वरून आल्याशिवाय मी बंद करत नाही," आई डोळे न उघडता म्हणाली.

"हं! हं! हं! झालं?"

"तुझं नको, दादा."

मग कितीतरी वेळानं वरून एक बारीक, भिजलेलं "हं" आलं. त्यात वैताग अजिबात नव्हता. आईनं ते चालवून घेतलं आणि बटण दाबलं. पंप थांबला. अंगणात फक्त मामाचं टपटप ऐकू येत राहिलं.

लेक खाली आली तेव्हा मामा सदऱ्याचं टोक पिळत उभा होता. गाडीकडे बोट दाखवत आईला सांगत होता, "तुझ्यासाठी नवा टॉवेल आणलाय गं. तिकडं लागला असता म्हणून."

"आण की मग," आई म्हणाली. "आता आंघोळच उरकून घे. पाणी भरपूर आहे."